विशिष्ट क्षेत्रांची जॉब पोर्टल्स : सीमाभागात कोणाला खरोखर उपयोग झाला आहे का?

अनगोळकर
सर्वांना नमस्कार. मी 19 वर्षे उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत काम केले. स्पेक्ट्रोमीटरवर हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे, पृथक्करण करणे, एस. जी. आयर्नच्या (गोल ग्रॅफाइट असलेल्या बिडाच्या) नमुन्याला पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइटची गोलाई पाहणे, मोल्डिंगच्या वाळूतील ओलावा आणि ताकद तपासणे हे माझे रोजचे काम होते. फेब्रुवारीत व्यवस्थापनाने चाचण्या बाहेरून करून घ्यायचे ठरवले आणि आम्हा चौघांना तीन महिन्यांचा पगार देऊन निरोप दिला. माझे वय आता 43 आहे.

मी एका मोठ्या सर्वसाधारण पोर्टलवर बायोडाटा टाकला. दीड महिन्यात 31 फोन आले, त्यांची नोंद मी वहीत ठेवली आहे. त्यांपैकी बहुतेक विमा विकण्यासाठी आणि कर्जवसुलीसाठी होते, पाच फोन तर रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे होते, आणि माझ्या क्षेत्रातला एकही नव्हता. एकाने "तुमचे नाव कंपन्यांपुढे वर आणतो" म्हणून 4,500 रुपये मागितले, ते मी दिले नाहीत.

एका माजी सहकाऱ्याने सुचवले की, एखाद्याच व्यवसायासाठी चालणारी वेगळी पोर्टल्स असतात, तिथे प्रयत्न करावा. ती कोणी वापरली आहेत का, त्यांसाठी पैसे भरणे योग्य आहे का, आणि बेळगावपासून शंभर किलोमीटरच्या आत त्यांवर काही मिळते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. आई 78 वर्षांची आहे, त्यामुळे पुणे किंवा बेंगळुरू मला शक्य नाही.

खानापूरवाला
तुमचा धीर खचावा असा हेतू नाही, पण बेळगावात नोकरी पोर्टलवर मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या तिन्ही नोकऱ्या ओळखीने मिळाल्या. पहिलीसाठी मामांनी शब्द टाकला होता, दुसरी फाटकावरच्या फळ्यावर "टर्नर पाहिजे" असे खडूने लिहिलेले वाचून मिळाली, तिसरी जुन्या फोरमनने घरी निरोप पाठवून दिली. उद्यमबागेत आणि मच्छे येथे आजही कारखान्याच्या फाटकावर लावलेल्या कागदाला संगणकावरच्या जाहिरातीपेक्षा जास्त किंमत आहे. तुम्ही सकाळी आठ वाजता दहा फाटके फिरा.

वडगावची लेक
खानापूरवाला दादांचा अनुभव खरा आहे, परंतु तो टर्नर आणि मोल्डरच्या जागांना लागू पडतो. मी हत्तरगीच्या बाजूला विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आठ वर्षे मनुष्यबळ विभागात आहे, त्यामुळे आमच्या बाजूने हे काम कसे चालते ते सांगते.

आम्ही उमेदवारांचे बायोडाटे एकेक करून वाचत नाही. पोर्टलच्या शोधपेटीत चार शब्द टाकतो आणि ते चारही शब्द ज्याच्या बायोडाट्यात आहेत, तोच आमच्या पडद्यावर येतो. तपासणीची जागा असेल तर मी "सीएमएम", "एएस 9100" आणि "फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन" असे शब्द टाकते. नुसते "क्वालिटी" टाकले तर चादरी तपासणाऱ्यापासून औषधे तपासणाऱ्यापर्यंत सगळे येतात. अनगोळकर काका, तुम्ही स्वतःला "लॅब टेक्निशियन" म्हणवून घेतले असेल, तर रक्त तपासणाऱ्यांचे फोन का आले ते उघड आहे, कारण त्या दोन शब्दांचा अर्थ पोर्टलच्या दृष्टीने दवाखाना हाच आहे.

एखाद्याच क्षेत्राच्या पोर्टलवर ही गल्लत होत नाही, कारण तिथे येणारा प्रत्येक जण त्याच धंद्यातला असतो आणि अर्जातले रकानेही त्याच धंद्याच्या भाषेत असतात. संगणकाच्या कामासाठी हायरिस्ट, व्यवस्थापनातील वरच्या जागांसाठी आयआयएमजॉब्ज आणि सामाजिक संस्थांतील कामासाठी डेवनेटजॉब्ज अशी पोर्टल्स आपल्याकडे चालतात. फौंड्रीपुरतेच भरवशाचे एखादे भारतीय पोर्टल माझ्या वापरात नाही, म्हणून तुम्ही मोठ्या पोर्टलवरच, पण फौंड्रीचे शब्द वापरून दिसले पाहिजे. बायोडाट्याच्या पहिल्या तीन ओळींत "मेटलर्जिकल लॅब", "फेरस फौंड्री", "ऑप्टिकल एमिशन स्पेक्ट्रोमीटर", "नोड्युलॅरिटी" आणि "सँड टेस्टिंग" हे शब्द इंग्रजी लिपीतच लिहा, कारण शोधणारा तेच टाइप करतो. पैसे मात्र कोणालाही देऊ नका. माणूस शोधण्यासाठी पोर्टलला पैसे आम्ही कंपन्या देतो, उमेदवाराने ते देण्याचे कारण नाही.

निपाणीकर
ताईंनी शब्दांचे सांगितले, मी गावाचे सांगतो, कारण आपल्या भागातील माणूस इथेच सर्वांत जास्त मार खातो.

निपाणीपासून कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत अर्ध्या तासावर आहे, पण माझ्या मुलाने पोर्टलवर "कर्नाटक" हे राज्य निवडले होते, त्यामुळे त्याला रोज पाचशे किलोमीटरपलीकडच्या बेंगळुरूच्या जाहिराती यायच्या आणि कागल, गोकुळ शिरगाव व शिरोली येथील एकही जाहिरात यायची नाही. पोर्टलला राज्याची हद्द कळते, आपला बाजार कुठे आहे आणि आपली सोयरीक कुठे आहे हे कळत नाही. मुलाने पसंतीच्या ठिकाणांत "कोल्हापूर" घातले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला व्हीएमसी (संगणकाने चालणारे धातू कापण्याचे यंत्र) ऑपरेटरच्या चार जाहिराती दिसल्या, आणि त्यांपैकी एका ठिकाणी तो आज सेटर आहे.

बेळगावकरांनी हे अधिकच लक्षात ठेवावे. वेंगुर्ला रस्त्यावरची शिनोळीची वसाहत चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. बेळगाव शहरातून ती हत्तरगीपेक्षा जवळ असूनही तिथली जाहिरात कोल्हापूर जिल्ह्याच्या नावाने निघते.

शहापूरकर
निपाणीकर, हे वाचून मी आत्ताच माझा फिल्टर उघडून पाहिला. गेली दोन वर्षे तो कर्नाटकापुरताच लावलेला होता.

अनगोळकर
माझ्याही बायोडाट्यात "लॅब टेक्निशियन" असेच लिहिले आहे. नियुक्तिपत्रात तोच हुद्दा होता, म्हणून मी तो जसाच्या तसा उतरवला. ताई, आज रात्री बसून बदलतो.

टिळकवाडी
ठिकाणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव "बेळगावी" झाले, मात्र पोर्टलांच्या याद्यांत जुने आणि नवे दोन्ही उच्चार वेगवेगळ्या शब्दलेखनाने सापडतात. काही ठिकाणी ते एकमेकांना जोडलेले असतात, काही ठिकाणी नसतात. मी जुन्या नावाने अलर्ट लावला होता, तर शेजारच्या मुलाला नव्या नावाने येणाऱ्या जाहिराती मला येतच नव्हत्या.

सीमावासी
आपण स्वतःहून नवे नाव लिहावे, हे मला पटत नाही. ज्या नावासाठी आमच्या आधीच्या पिढीने सत्याग्रह केले आणि तुरुंगवास भोगला, ते नाव एका फिल्टरसाठी सोडायचे का?

टिळकवाडी
सीमावासी, तुमची भावना माझीही आहे, माझे आजोबा त्या सत्याग्रहात होते. मी सोडा म्हणत नाही. बायोडाट्यात पत्ता लिहिताना मी "बेळगाव"च लिहितो. अलर्ट हा मी जाहिरात शोधण्यासाठी लावतो, आणि जाहिरात देणाऱ्याने ज्या नावाने ती दिली असेल त्याच नावाने ती सापडणार, म्हणून दोन्ही नावांचे दोन अलर्ट लावावेत एवढेच माझे म्हणणे आहे.

सीमावासी
अशा रीतीने असेल तर माझा आक्षेप नाही.

मच्छे फौंड्री
माझी स्वतःची छोटी फौंड्री आहे, 60 माणसे कामाला आहेत. खानापूरवाला म्हणतात ते आमच्यासारख्यांमुळेच खरे ठरते, म्हणून मालकाची बाजू मांडतो.

चार वर्षांपूर्वी मी एका मोठ्या पोर्टलवर मोल्डिंग सुपरवायझरची जाहिरात दिली होती. चारशेच्या वर अर्ज आले. त्यांतील बहुतेकांनी भट्टीचे तोंडही पाहिलेले नव्हते, कारण एका बटणावर पन्नास ठिकाणी अर्ज जातो आणि पाठवणाऱ्याला आपण कुठे अर्ज केला हेही आठवत नाही. मी सहा जणांना बोलावले, दोघे आले, आणि शेवटी आमच्या फेटलिंगच्या मुकादमाच्या मेहुण्याला घेतले. तो उत्तम काम करतो. तेव्हापासून हातकामाच्या जागेसाठी मी पोर्टलकडे पाहिलेले नाही.

परंतु गेल्या वर्षी मला कास्टिंग सिम्युलेशन येणारा माणूस हवा होता. साचा बनवण्याआधीच धातू कुठे आधी गोठेल आणि पोकळी कुठे राहील हे संगणकावर पाहून रायझरची, म्हणजे जादा धातू पुरवणाऱ्या कप्प्याची, जागा ठरवणारा माणूस मुकादमाच्या ओळखीत नसतो, मेहुण्यांत तर नाहीच. तो मला पोर्टलवर, नेमक्या सॉफ्टवेअरच्या नावाने शोधून मिळाला. त्यामुळे काम जितके विशेष, तितका पोर्टलचा उपयोग जास्त, असे मला वाटते, आणि अनगोळकरांचे काम त्या विशेष बाजूलाच येते.

अनगोळकर, तुमच्यासाठी एक वेगळा रस्ता सुचवतो. तुमच्या कारखान्याने चाचण्या बाहेर दिल्या म्हणजे त्या कोणीतरी घेतल्या आहेत. आम्हीही आमचे नमुने बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतो, कारण ग्राहक एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या शिक्क्याशिवाय अहवाल मान्य करत नाही. एनएबीएलने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. तिथे प्रयोगशाळेचे ठिकाण आणि त्यांना कोणत्या चाचण्यांची मान्यता आहे हे पाहता येते. यांत्रिक आणि रासायनिक चाचण्या करणाऱ्या कोल्हापूर, बेळगाव आणि हुबळीच्या प्रयोगशाळा निवडा आणि थेट पत्र लिहा. आयएसओ 17025 हे प्रयोगशाळांसाठीचे मानक तुम्ही प्रत्यक्ष हाताळले असेल, तर तेही लिहा. याशिवाय इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनची शाखा आपल्या बेळगावात आहे, तिच्या कार्यक्रमांना जात जा.

खानापूरवाला
मालकांनीच सांगितल्यावर मी माझे म्हणणे दुरुस्त करतो. हातकामासाठी फाटक आणि विशेष कामासाठी पोर्टल, असे म्हणू या.

यल्लूर
मी एनडीटी क्षेत्रात आहे, म्हणजे कास्टिंग न फोडता अल्ट्रासॉनिक आणि रेडिओग्राफीने आतले दोष शोधतो. आमच्या क्षेत्रासाठी एनडीटी.नेट हे जुने आंतरराष्ट्रीय संकेतस्थळ आहे, त्यावर तांत्रिक लेखांबरोबर नोकऱ्यांचाही विभाग आहे. तिथल्या जागा बहुतांशी परदेशातील असतात, त्यामुळे अनगोळकरांच्या शंभर किलोमीटरच्या अटीत त्या बसणार नाहीत, पण आपल्या कामाला जगात कोणते शब्द वापरतात आणि कोणती प्रमाणपत्रे मागतात हे तिथल्या जाहिराती वाचून नीट कळते. मी माझा बायोडाटा त्या जाहिरातींच्या शब्दांवरून पुन्हा लिहिला आणि जागा हुबळीत मिळवली.

नव्या मुलांना एक सूचना करावीशी वाटते. एसएनटी-टीसी-1ए या एनडीटीच्या पद्धतीचे लेव्हल 2 प्रमाणपत्र मालक आपल्या कर्मचाऱ्याला देतो. नोकरी सोडली की ते संपते आणि नव्या मालकाला पुन्हा द्यावे लागते. म्हणून पोर्टलवर "लेव्हल 2" लिहिताना ते कोणत्या पद्धतीत आणि कोणाकडून मिळाले हे स्पष्ट लिहा, नाहीतर मुलाखतीत अडचण होते.

दुभाषी
माझा अनुभव कारखान्यापासून दूरचा आहे, पण विषयाला धरून आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, घराबाहेर कन्नड, कॉलेजात इंग्रजी. या तिन्ही भाषा येण्याला इथे कोणी गुण मानत नाही, कारण ते प्रत्येकालाच येते. 2018 मध्ये मी अनुवादकांच्या प्रोझ या पोर्टलवर नाव नोंदवले. ते 1999 पासून चालू आहे आणि तिथे भाषांच्या जोडीनुसार शोध घेतला जातो. इंग्रजी-मराठीला पुष्कळ अनुवादक आहेत, पण कन्नड-मराठी या जोडीत मोजकीच नावे दिसली. सीमेवर राहण्याने पदरात पडलेली ही गोष्ट पोर्टलवर दुर्मीळ ठरली. पहिले काम खताच्या पिशवीवरील सूचनांचे होते, नंतर बँकेच्या अर्जांचे आले.

त्या पोर्टलवर ब्लू बोर्ड नावाची सोय आहे. काम देणाऱ्या संस्थेने पैसे वेळेवर दिले का आणि तिच्यासोबत पुन्हा काम कराल का, याला अनुवादक पाचपैकी गुण देतात. असा मालकाचा हिशेब मोठ्या पोर्टलवर मला पाहायला मिळाला नव्हता, आणि केवळ त्यासाठी मी सभासदत्वाचे पैसे भरते. त्यामुळे वडगावच्या ताईंशी माझा थोडा मतभेद आहे. नोकरी लावून देतो म्हणून मागितलेले पैसे देऊ नयेत हे खरेच आहे, मात्र स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने माहितीसाठी पैसे भरण्यात मला चूक दिसत नाही.

वडगावची लेक
हा भेद योग्य आहे, मी पगारी नोकरीपुरतेच बोलत होते. अनगोळकर काकांना आला तसा फोन कोणाला आला आणि पैसे गेले, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितके ते पैसे गोठवणे अवघड होते.

भालकीकर
आमच्याकडच्या मुलांना परदेशातील नोकरीच्या पोर्टलांनी मोठा त्रास झाला आहे, म्हणून लिहितो. माझ्या चुलत भावाने आखाती देशातील वेल्डरच्या जागेसाठी एका संकेतस्थळावर अर्ज केला, दलालाने सव्वा लाख रुपये घेतले आणि फोन बंद केला. नंतर आम्हाला समजले की, परदेशी पाठवणारा प्रत्येक भरती एजंट 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो, त्याची नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते आणि कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे आधी ठाऊक असते, तर दोन एकरांवरचे कर्ज वाचले असते.

हलग्याचे मास्तर
मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये रांग लावून कार्ड काढायचे आणि ठरलेल्या मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे, एवढेच ठाऊक होते. आता केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल 2015 पासून आहे आणि तिथली नोंदणी विनामूल्य आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सरकारी भरतीच्या दोन गोष्टी ठाऊक नसतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषिकांना 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्र शासनाच्या भरतीत अधिवासाच्या अटीसाठी ग्राह्य धरतात, तेव्हा त्या जाहिराती आपल्या नाहीत असे समजून सोडू नका. तसेच बँकांच्या लिपिक परीक्षेत एकच राज्य निवडावे लागते आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. ज्याचे कन्नड कच्चे आहे आणि ज्याने मराठी माध्यमातून दहावी केली आहे, त्याने हा विचार अर्ज भरण्याच्या दिवशी करावा, निकालाच्या दिवशी करून उपयोग नाही.

शहापूरकर
मास्तर, माझ्या बहिणीने नेमकी हीच चूक केली. पुढच्या अर्जाच्या वेळी तिला आपल्याकडे पाठवू का?

हलग्याचे मास्तर
अवश्य पाठवा. मी रोज संध्याकाळी घरीच असतो.

संगणकवाली
छोट्या पोर्टलचा एक धोका कोणी सांगितलेला नाही. प्रोग्रॅमरांमध्ये नावाजलेला स्टॅक ओव्हरफ्लोचा नोकरी विभाग 2022 मध्ये बंद झाला. तिथे मी माझी सगळी कामे तपशीलवार नोंदवली होती, पण त्यांची प्रत स्वतःकडे ठेवली नव्हती. ती पुन्हा आठवून लिहायला मला दोन आठवडे लागले. पोर्टल कितीही चांगले असले, तरी मूळ बायोडाटा आपल्या संगणकावर ठेवा.

अनगोळकर
तीन आठवड्यांनंतर लिहितो आहे. सर्वांनी सांगितलेले एकेक करत गेलो.

हुद्दा बदलला, ताईंनी दिलेले शब्द पहिल्या तीन ओळींत घातले, कोल्हापूर जिल्हा पसंतीत घेतला आणि बेळगावच्या दोन्ही नावांचे अलर्ट लावले. पुढच्या वीस दिवसांत सात फोन आले. विम्याचा एकच होता, रक्त तपासणीचा एकही नव्हता. दोन फोन पुण्याचे होते, त्यांना नम्रपणे नकार दिला. एनएबीएलच्या यादीतून नऊ प्रयोगशाळा निवडून प्रत्येकीला वेगळे पत्र लिहिले. तिघांचे उत्तर आले आणि त्यांपैकी कागलच्या एका प्रयोगशाळेने मला बोलावले.

त्यांनी एक तुटलेले कास्टिंग आणि सूक्ष्मदर्शक पुढे ठेवला आणि दोष कशाचा ते सांगा म्हणाले. नमुन्यात ग्रॅफाइटचे गोळे बिघडलेले दिसत होते. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर धातू ओतायला उशीर झाला असावा, असे मी सांगितले. त्यानंतर त्यांनी बायोडाटा उघडलाच नाही. पगार पूर्वीपेक्षा 2,000 रुपयांनी कमी आहे, पण काम माझेच आहे, आणि नोकरी गेल्यानंतर चार महिन्यांनी पहिल्यांदा मला माझ्या हातांची ओळख पटली.

अडचण जाण्यायेण्याची आहे. बेळगाव ते कागल नव्वदच्या वर किलोमीटर होतात. रोज जाऊन येण्याची माझी तयारी आहे, परंतु 2022 च्या डिसेंबरसारखा तणाव झाला की दोन्ही राज्यांमधल्या बसगाड्या थांबतात, आणि नवीन जागी पहिल्याच महिन्यात चार खाडे झाले तर काय सांगायचे, ही काळजी आहे. सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे.

वडगावची लेक
काका, अभिनंदन. होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. कामाची वेळ साडेनऊची मिळेल का, आणि बस बंद असलेला दिवस रजेत धरतील की रविवारी भरून घेतील. सीमेजवळच्या कारखान्यांना हा प्रश्न नवीन नसतो, त्यामुळे विचारायला संकोच करू नका.

मच्छे फौंड्री
2,000 रुपयांसाठी अडून राहू नका. वर्षभरात त्यांच्या अहवालांवर अधिकृत सही करणारा म्हणून तुमचे नाव लागेल याची बोलणी आताच करून ठेवा. ते नाव लागले की पुढचा पगार तुम्ही सांगाल.

निपाणीकर
अनगोळकर, माझा मुलगा आणि आणखी तिघे रोज सकाळी आठला एकाच गाडीने निपाणीहून कागलला जातात आणि त्यांच्यात एक जागा रिकामी आहे. बेळगाव ते निपाणी हा टप्पा कर्नाटकातलाच असल्याने राज्यांमधल्या गाड्या बंद पडल्या तरी तिथपर्यंत येण्यात अडचण फारशी येऊ नये. पहाटेच्या गाडीने या, स्टँडच्या बाहेर मुले थांबतील. मुलाचा क्रमांक मी तुम्हाला खासगी निरोपात पाठवला आहे, पेट्रोलचा हिशेब तुम्ही आपसांत ठरवा.